सासऱ्यांसाठी भरवशाचा क्रॉसबो

माणसाने आयुष्यात एकदा तरी सासऱ्यासाठी हत्यार विकत घ्यायला जावं. आपण स्वतःला जेवढे शहाणे समजतो तेवढे नाही, हे दुसऱ्या कुठल्याही खरेदीत इतक्या लवकर कळत नाही.

माझे सासरे एल्डन शूप. वय एक्क्याऐंशी. गावाबाहेर त्यांचं मक्याचं शेत, शेतामागे ओकच्या झाडांचं रान, रानातून वाहणारा ओढा. ओहायोत असली शेतं पुष्कळ आहेत, पण सासऱ्यांच्या मते खरं रान हे एकच. दरवर्षी पानं पिवळी पडायला लागली की हा माणूस लाकडी धनुष्य घेऊन त्या रानात हरणासाठी बसायचा. बंदुकीचा त्यांना मनापासून तिटकारा. "बंदुकीने काय, टपालातूनसुद्धा मारता येतं," असं ते म्हणत.

गेल्या वसंतात त्यांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी धनुष्य ओढायला कायमची बंदी केली. तेव्हापासून सासरे स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहायला लागले. बोलणं मुळात कमी, ते आणखी कमी झालं. जेवणात मीठ जास्त झालं तरी कुरकुर करेनात, तेव्हा माझी बायको नॅडीन घाबरली.

"लोवेल, बाबांना क्रॉसबो घेऊन दे," ती म्हणाली. "त्याची दोरी एकदा मागे ओढून अडकवली की नुसता चाप दाबायचा. खांद्याला त्रास नाही."

"त्यांना आवडेल?"

"मुळीच नाही आवडणार. तरी घेऊन दे. आणि भरवशाचा बघ. त्या गवत कापायच्या यंत्रासारखा नको."

गवत कापायच्या यंत्राबद्दल मी इथे काही बोलू इच्छित नाही. त्या प्रकरणाला दुसरी बाजू आहे, पण ती ऐकून घ्यायला घरात कुणाला वेळ नाही.

ऑगस्टमध्ये मी सासऱ्यांना घेऊन महामार्गावरच्या शिकारीच्या दुकानात गेलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "आडवं धनुष्य म्हणजे धनुष्याचा झगा घातलेली बंदूक." मी हसलो. जावयाने हसायचं असतं. दुकानात पन्नासेक क्रॉसबो भिंतीला टांगले होते. सासरे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले, मध्येच थांबले, एक साधा, करड्या रंगाचा, कसलीही नक्षी नसलेला क्रॉसबो काढून त्यांनी डाव्या हातात तोलला. त्याला दोरी ओढायला बाजूला छोटा दांडा होता, विहिरीच्या रहाटासारखा फिरवायचा. त्यांनी तो फिरवून पाहिला, क्रॉसबो गालाला लावला आणि म्हणाले, "हा बरा आहे."

झालं असतं. तिथेच सगळं झालं असतं. आम्ही दहा मिनिटांत बाहेर पडून शेजारच्या हॉटेलात बटाट्याच्या लगद्यावर घातलेल्या शेवया खाऊन घरी आलो असतो.

पण मी पडलो शाळामास्तर. गेली सत्तावीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय की पहिलं उत्तर लिहायची घाई करू नका. मी म्हणालो, "बाबा, घाई नको. आपण जरा तुलना करू."

सासऱ्यांनी क्रॉसबो परत भिंतीला लावला. "तू कर तुलना, जावईबापू," ते म्हणाले. "पण नोव्हेंबरच्या आधी संपव."

नोव्हेंबरचं कारण मला परतीच्या वाटेत कळलं. त्यांच्या रानात एक नर होता. त्याचं डावं शिंग लहानपणी कशाला तरी लागून बाहेर वाकलेलं, म्हणून सासरे त्याला 'वाकड्या' म्हणायचे. चार वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा समोर आला तेव्हा अगदी पोरगेला होता. त्यांनी सोडून दिला. पुढच्या वर्षीही सोडला. "अजून भरला नव्हता," ते म्हणाले. "गेल्या वर्षी मी धनुष्य उचललं आणि खाली ठेवलं. म्हटलं, अजून एक हिवाळा बघू दे त्याला. यंदा तो पुरा झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माद्यांच्या मागे वेडा होऊन दिवसाढवळ्या फिरतो. एरवी दिसायचा नाही."

सासरे एका दमात इतकं बोलले, हे मी घरी सांगितल्यावर नॅडीनला खरं वाटेना.

तेव्हा माझ्यावर जबाबदारी केवढी होती ते वाचकांच्या लक्षात येईल. मी तुलनेला लागलो. आमच्या गावात क्रॉसबोबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. न्हावी म्हणाला, आवाज कमी पाहिजे, हरीण दोरीचा आवाज ऐकून खाली वाकतं. चर्चचे पाद्री म्हणाले, वजन कमी पाहिजे. ते स्वतः एक जड क्रॉसबो घेऊन झाडावर चढताना देवाच्या फार जवळ जाऊन आले होते. आणि कुंपणापलीकडचा माझा शेजारी मर्ल गोट्झ म्हणाला, "वेग! मास्तर, बाकी सगळं झूट. वेग बघा."

मर्ल हा छताची कौलं बसवण्याचा धंदा करतो आणि सल्ला फुकट देतो. त्याने मला वेगाचे आकडे पाठ म्हणून दाखवले. वेगवान बाण सरळ जातो, वेगवान बाणापुढे हरणाला विचार करायला वेळ मिळत नाही, वगैरे. मला ते पटलं, कारण आकड्यांपुढे मी नेहमीच मान तुकवतो. सप्टेंबरात मी दुकानातला सगळ्यात वेगवान क्रॉसबो घरी आणला. दिसायला तो लढाऊ विमानासारखा होता.

दोरी ओढायला त्याला रहाट नव्हता. दोन्ही हातांनी दोर धरून, पाय खाली रोवून, सगळ्या ताकदीने वर खेचायचं. म्हणजे एक धड खांदा असलेल्या माणसासाठी मी दोन धड खांदे लागणारं यंत्र आणलं होतं. हे नॅडीनच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात येण्याच्या बेतात होतं, पण ती आधी बोलली.

"दोरी मी ओढून देईन," मी म्हणालो. "मी असणारच आहे बरोबर."

"आधी ओढून दाखव."

तिसऱ्या प्रयत्नात दोरी अडकली आणि माझ्या कमरेत काहीतरी निसटलं. दोरी अडकली की ती नुसती सैल सोडता येत नाही. बाण लावून तो कुठेतरी मारावाच लागतो. म्हणून मी परसात लक्ष्य म्हणून आणलेला फोमचा ठोकळा ठेवला आणि सासऱ्यांना दाखवण्याआधी स्वतः एकदा सराव करावा म्हणून त्यावर बसवलेल्या दुर्बिणीतून नेम धरला. मर्ल कुंपणावर कोपरं टेकून बघत होता.

"श्वास सोडा, मास्तर," तो म्हणाला. "आता हळूच..."

दुर्बीण आधी जुळवून घ्यावी लागते, हे माहितीपत्रकात होतं. बाण ठोकळ्याच्या डोक्यावरून गेला, कुंपणाच्या फळीतून गेला, आणि पलीकडे मर्लने हिवाळ्यासाठी पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या त्याच्या मोटरबोटीत गेला. एका कुशीतून शिरून दुसऱ्या कुशीतून टोक बाहेर आलं.

मर्लने वळून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येण्याआधी क्षणभर कौतुक दिसलं, हे मी शपथेवर सांगतो.

"वेग आहे," तो म्हणाला.

राग नंतर आला, पण व्यवस्थित आला. त्याची बायको ग्रामकचेरीत बोलली असावी, कारण दुसऱ्याच दिवशी मला तिथे बोलावणं आलं. तिथल्या कारकून मिस प्लिट. त्यांच्यापुढे गावाच्या नियमांचं जाड पुस्तक.

"गावाच्या हद्दीत बंदूक चालवायला मनाई आहे," त्या म्हणाल्या. "धनुष्याला मात्र लक्ष्य असेल तर परवानगी आहे. तुमचं हे काय आहे?"

"राज्य सरकारच्या मते धनुष्यच."

"चाप आहे?"

"आहे."

"मग बंदूक."

"पण त्यात दारू नाही, गोळी नाही. बाण आहे, दोरी आहे."

"मग धनुष्य. दोरी बोटांनी सोडता?"

"नाही, चापाने."

मिस प्लिटनी चष्मा काढून ठेवला. "हे पाहा, मिस्टर ब्रुबेकर, आमच्या पुस्तकात हे हत्यार नाही. त्यामुळे त्याला परवानगी नाही आणि मनाईही नाही. पुढच्या महिन्याच्या सभेत विषय घेऊ. तोवर तुम्ही ते चालवायचं नाही आणि आम्ही तुम्हाला दंड करायचा नाही."

"मग मी सराव कुठे करू?"

"तुमचे सासरे गावाबाहेर राहतात ना? त्यांच्या शेतावर का नाही जात?"

हा प्रश्न वर्गात एखाद्या पोराने विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. तिथे मी फक्त टोपी घातली आणि बाहेर आलो.

आता मर्लची समजूत काढणं भाग होतं. मी बोट दुरुस्त करून देतो म्हणालो. तो म्हणाला, बोटीला तो स्वतःच ठिगळ लावील, त्याचा धंदाच भोकं बुजवायचा आहे. "पण मास्तर, एक करा. तुमच्या सासऱ्यांच्या रानात मला बंदुकीच्या आठवड्यात बसू द्या. ओढ्याच्या पलीकडे बसेन. ओढा ओलांडणार नाही."

बंदुकीने हरीण मारायचा आठवडा आमच्याकडे नोव्हेंबर संपताना येतो. वाकड्या तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आमचा होणार होता. मी मनात हिशेब केला आणि मोठ्या मनाने म्हणालो, "ये की! त्यात काय!"

रविवारी जेवायला गेलो तेव्हा मी सासऱ्यांना हे सांगितलं. ते पावाला सफरचंदाचा मुरंबा लावत होते. सुरी थांबली.

"तू शब्द दिलास?"

"म्हणजे... हो. बोटीचं झालं ना, म्हणून."

"दिलास ना? मग येऊ दे." आणि ते पुन्हा मुरंबा लावायला लागले. पावाच्या कडेपर्यंत, अगदी सावकाश.

नॅडीनने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. मला वाटलं, चुकून लागली.

लढाऊ विमान मी दुकानात परत नेलं. तिथल्या कोडी नावाच्या विक्रेत्याने ते बदलून द्यायचं कबूल केलं आणि पाद्र्यांच्या आणि न्हाव्याच्या मताप्रमाणे हलका, मुका असा एक दाखवला. दोरी ओढलेली होती. मी तो खांद्याला लावला. काय सुरेख बसला! त्या समाधानात माझं बोट चापावर गेलं.

बाण न लावता दोरी सोडली तर सगळी ताकद धनुष्यातच फुटते, हेही माहितीपत्रकात असतं. मोठा आवाज झाला, कमानीचं एक पातं दुभंगलं आणि दुकानातले सगळे लोक आडवे पडले. मी एकटाच उभा होतो. त्यात शौर्य नव्हतं. आडवं कसं पडायचं ते मला सुचलं नाही.

"तो आता तुमचा झाला, सर," जमिनीवरून कोडी म्हणाला.

तेव्हा मी सासऱ्यांनी पहिल्या दिवशी निवडलेला, करड्या रंगाचा, रहाटवाला क्रॉसबो मागितला. कोडीने भिंतीकडे बोट केलं. खुंटी रिकामी होती. "हंगाम सुरू झाला ना, सर. तो सगळ्यात आधी संपतो. साधा आहे, पण दगा देत नाही. मागवून ठेवतो."

ऑक्टोबर असा गेला. मी रोज दुकानात फोन करत होतो. पानं गळाली, मका कापून झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी शाळेतून परस्पर सासऱ्यांकडे जायचो, आणि ते खिडकीतून रानाच्या कडेकडे बघत बसलेले असायचे.

"आज सकाळी दोनदा गेला," ते सांगायचे. "मादीमागे. इथून दगड मारला असता तर लागला असता."

मी म्हणालो, "बाबा, बंदूक घेऊन..." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी वाक्य तिथेच सोडलं. बंदुकीचा आठवडा यायचा होता, म्हणजे ते कायद्यातही बसलं नसतं. माझ्या तोंडून त्या महिन्यात काय काय निघालं याची यादी न केलेली बरी.

क्रॉसबो आला तेव्हा नोव्हेंबर अर्ध्याहून पुढे गेला होता. सासऱ्यांनी शेतावर तीन बाण मारले. तिन्ही ठोकळ्यात, एकमेकांना खेटून. त्यांनी रहाटाला थोपटलं. पोरीच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांचा हात फिरला आणि मला वाटलं, चला, उशीर झाला पण गाडी रुळावर आली.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाआधीच्या रविवारी आम्ही दोघं ओकखाली फांद्यांचा आडोसा करून बसलो. सासऱ्यांनी सकाळीच दाढी केली होती. कुणाकडे तरी पाहुणे म्हणून जायचं असावं तसे ते ताठ बसले होते. थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. ऊन कलायला लागलं आणि ओढ्याकडून वाकड्या आला.

मी हरणं पुष्कळ पाहिली आहेत. आमच्याकडे ती गाडीखाली येतात आणि बायकांच्या बागा खातात. पण हा वेगळा होता. मान जाड, चाल जड, ते वाकडं शिंग एखाद्याने कलती टोपी घालावी तसं. तो चार पावलं यायचा, थांबायचा, वास घ्यायचा. सासऱ्यांनी क्रॉसबो उचलला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बराच वेळ त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, आणि मग क्रॉसबो मांडीवर ठेवला.

"लांब आहे," ते पुटपुटले. "येईल. येऊ दे."

"बाबा, खोक्यावर लिहिलंय, शंभर पावलांपर्यंत जातो!"

हे मी कुजबुजलो होतो. निदान माझी तशी समजूत होती. पण सत्तावीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणाऱ्या माणसाला कुजबुजता येत नाही. वाकड्याने डोकं वर केलं, थेट आमच्या आडोशाकडे बघितलं, शेपटीचा पांढरा भाग एकदा दिसला, आणि समोर नुसतं रान उरलं.

"जातो," सासरे म्हणाले. "लागत नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. घरी परत जाताना त्यांनी चढावर माझा हात धरला. रागावलेला माणूस हात धरत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बंदुकीच्या आठवड्याचा पहिला दिवस म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार. आमच्याकडे त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, नाहीतरी कुणी येत नाही. मी सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. ओढ्याच्या पलीकडून एक आवाज आला. फक्त एकच. सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"एकाच गोळीत," ते म्हणाले. "नेम बरा आहे त्याचा."

थोड्या वेळाने मर्लची गाडी अंगणात आली. तो दारातूनच ओरडला, "मास्तर! एल्डनकाका! बाहेर या, बघा काय मिळालंय! ओढा नाही हं ओलांडला, तो स्वतःच पलीकडे आला!"

मर्लला काही माहीत नव्हतं. मी त्याला वाकड्याबद्दल कधी बोललो नव्हतो, कारण शिकाऱ्याजवळ दुसऱ्याच्या हरणाची गोष्ट काढू नये एवढी अक्कल मला होती. तेवढीच होती.

सासरे कोट न घालता बाहेर गेले. गाडीच्या मागच्या हौद्यात वाकड्या पडला होता. त्यांनी डावा हात त्याच्या मानेवर ठेवला, मग त्या वाकड्या शिंगावरून मुळापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. चार वर्षं दुरून बघितलेली वस्तू त्यांनी तेव्हा पहिल्यांदा हाताला लावली.

"चांगला मारलास," ते मर्लला म्हणाले. "त्याला त्रास झाला नाही."

"असं डोकं उभ्या जन्मात नाही बघितलं, काका! भिंतीला लावणार!"

"लाव. उजेडात लाव."

मर्ल गेला. मी अंगणात उभा राहून काहीतरी बोलायला लागलो. त्यात बोट होती, दुकान होतं, रिकामी खुंटी होती. सासऱ्यांनी ऐकून घेतलं.

"मला हरीण नको होतं रे," ते म्हणाले. "हरणं काय, गाडीखालीसुद्धा येतात. मला तो हवा होता." आणि ते आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत ते दिसले नाहीत.

मर्ल मनाचा चांगला माणूस. ख्रिसमसच्या आधी त्याने त्या मांसाची सॉसेजेस करून आमच्याकडे आणली, एक मोठं पुडकं खास 'एल्डनकाकांसाठी'. नॅडीनला ती कचऱ्यात टाकायची होती. सासरे म्हणाले, "टाकायचं नाही. वाढ." ते दोन तुकडे नीट चावून खाऊन उठले. मी एक तुकडा घेतला आणि तो तोंडात या बाजूचा त्या बाजूला करत राहिलो.

"मीठ जास्त झालंय," सासरे म्हणाले. ते कुरकुरले म्हणून नॅडीनला रडू फुटलं.

हंगाम संपायच्या आत, जानेवारीअखेर, एका दुपारी त्यांनी स्वतः फोन केला. "जावईबापू, मोकळा आहेस? ते आडवं धनुष्य घेऊन बसू या जरा." मी वर्ग दुसऱ्या मास्तरांवर टाकून गेलो. बर्फ घोट्यापर्यंत होतं. आडोशात बसल्यावर रहाट मी फिरवायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि डाव्या हाताने स्वतः फिरवला. मी तोंडावर मफलर बांधून घेतला होता. आवाजाची खबरदारी.

बऱ्याच वेळाने एक नर आला. कोवळा, शिंगं बोटाएवढी. तो अगदी जवळ, वीस पावलांवर येऊन बर्फ उकरायला लागला. मी मफलरातून सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी क्रॉसबो उचललाही नाही.

"लहान आहे," ते हळूच म्हणाले. "चार वर्षांनी बघू."

मी मनात बेरीज केली आणि ती तिथेच सोडली. पोरगेला नर खाऊन झाल्यावर आपल्या वाटेने निघून गेला. अंधारायला लागलं तसे आम्ही उठलो. दोरी ओढलेलीच होती, ती मोकळी करायला बाण कुठेतरी मारायलाच हवा. सासऱ्यांनी समोरच्या उतारावर, दोन ओकांच्या मधल्या मोकळ्या बर्फात नेम धरला. थप्प. बाण पिसांपर्यंत रुतला.

तो काढायला आम्ही दोघं वाकलो. खालची माती गोठून दगड झाली होती. मी दोन्ही हातांनी ओढलं, त्यांनी डाव्या हाताने ओढलं, मग दोघांनी मिळून ओढलं. मी पाठीवर पडलो. बाण जिथल्या तिथे.

"राहू दे," सासरे धापा टाकत म्हणाले. "यंदा काहीतरी लागलं म्हणायचं."

मी बर्फात पडल्यापडल्या हसलो. मग वर बघितलं. ते हसत नव्हते. ओढ्याच्या पलीकडे बघत उभे होते, आणि मला उठवायला त्यांनी चुकून दुखरा हात पुढे केला होता.